शब्दांचा व्यवहार : 'डिस्रप्ट'

जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीला पूर आला आणि राजुरा-बल्लारपूर मार्ग बंद झाला. नागपूरकडून गडचांदूरला येणारा माल नदीपलीकडेच अडकला. आमच्या पुतण्याने पुण्याच्या एका कंपनीस तातडीने ई-मेल पाठविला : 'अवर बिझनेस इज डिस्रप्टेड.' त्यास एवढेच कळवावयाचे होते की ट्रक पोहोचलेला नाही, तेव्हा हिशेबास आठवडाभर उशीर होईल. कंपनीने मात्र दुकानच डळमळले असा अर्थ घेतला, उधारी थांबविली आणि पुढील मालाची रक्कम आगाऊ मागितली. वडीलबंधूंना दोन दिवस फोनवर समजूत घालावी लागली.

व्याकरणात चूक नव्हती. चुकले ते क्रियापदाचे कर्म. विस्कटला होता तो पुरवठा, आणि पुतण्याने लिहिले व्यापार.

'डिस्रप्ट' हा शब्द लॅटिनमधून आलेला. 'डिस' म्हणजे अलग अलग, 'रुम्पेरे' म्हणजे तोडणे. 'इंटरप्ट', 'करप्ट', 'इरप्ट' ही याच घराण्यातील भावंडे. व्यापाऱ्यास नकोसा वाटणारा 'बँकरप्ट' हाही त्यांचा नातलग. तो इटालियन भाषेतील 'मोडलेला बाक' या अर्थाच्या शब्दांवरून आला. बाक म्हणजे सराफाची बैठक. आपल्याकडे व्यापार बुडालेला माणूस दिवसा दिवा लावी, म्हणून 'दिवाळे', असे जुनी मंडळी सांगतात. तिकडे बाक मोडला, इकडे दिवा लागला. दोन्हींत गोष्ट चारचौघांना कळविण्याचीच.

आता छटा पाहू. वीज गेली, पिठाची चक्की थांबली. वीज आली, जिथे थांबली तिथून सुरू झाली. हा 'इंटरप्शन', म्हणजे खंड. दुपारी वही लिहिताना कोणी दार वाजविले तर तो 'डिस्टर्बन्स'. काम थांबतेच असे नाही, चित्त मात्र ढवळते. 'डिस्रप्शन'मध्ये घडीच मोडते. अडथळा गेला तरी ती पुन्हा बसवावी लागते. पुरानंतर रस्ता उघडला तरी गाड्यांचा क्रम, हमालांची वेळ, गिऱ्हाइकाला दिलेला शब्द हे सारे नव्याने लावावे लागते. म्हणून तेथे 'विस्कळीत' हा मराठी शब्द चपखल बसतो.

अशा पायऱ्या मोजण्याची सवय आपल्या वाचकांस आहेच. अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार : मनात इच्छा येणे, त्या दिशेने पाऊल उचलणे, व्रतास अंशतः दोष लागणे आणि व्रत पूर्ण मोडणे. अतिचार घडला त्यास अनाचार म्हणणे जसे योग्य नव्हे, तसेच हे.

माणसासाठी हे क्रियापद सहसा वापरू नये. 'आय ॲम डिस्रप्टेड' असे कोणी म्हणत नाही; मन बिघडले तर 'डिस्टर्ब्ड' किंवा 'अपसेट'. सभा, वर्ग, वाहतूक, झोप, पुरवठा यांच्याशी 'डिस्रप्ट' सहज जुळते.

अलीकडे मात्र हा शब्द कौतुकाचा झाला आहे. १९९५ साली जोसेफ बोवर व क्लेटन ख्रिस्टेन्सेन यांनी 'डिस्रप्टिव्ह' तंत्रज्ञानावर लेख लिहिला. १९९७ मध्ये ख्रिस्टेन्सेन यांचे 'द इनोव्हेटर्स डिलेमा' हे पुस्तक आले. प्रथम साधा आणि स्वस्त वाटणारा, प्रस्थापितांनी दुर्लक्षिलेला माल सुधारत जातो आणि शेवटी त्यांचीच बाजारपेठ घेतो, असा त्यांचा विशेष अर्थ होता. आता कोणतेही नवे ॲप स्वतःस 'डिस्रप्टर' म्हणविते. ज्याची घडी मोडली त्याने हा शब्द अभिमानाने उच्चारलेला मी तरी ऐकलेला नाही.

पुढे पुन्हा एकदा रस्ता बंद झाला, तेव्हा पुतण्याने मेल आधी मला दाखविला. त्यात चारच शब्द होते : 'रोड क्लोज्ड, शॉप ओपन.'