कार्ड तुमचं, किल्ली त्यांची

ग्राफिक्स कार्ड सहसा म्हातारपणाने मरत नाही. पंखा वाजायला लागला तर बदलता येतो, थर्मल पेस्ट सुकली तर नवी लावता येते. बऱ्याच कार्डांचा मृत्यू कंपनीच्या एका घोषणेने होतो: या मॉडेलसाठी यापुढे ड्रायव्हर मिळणार नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या वस्तूचे पूर्ण पैसे मोजले, ती कधी मरणार हे एकट्या कंपनीने ठरवू नये.

ड्रायव्हर म्हणजे काय? धडगावच्या बाजारात पावरी बोलणारा शेतकरी आणि गुजराती बोलणारा व्यापारी समोरासमोर आले, की दोन्ही भाषा येणारा कुणीतरी मध्ये लागतो. ऑपरेटिंग सिस्टिम आणि कार्ड यांच्यामधला तसाच दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. आता समजा, दुभाषा आलाय, त्याला भाषाही येते, पण बाजाराच्या मालकाने त्याला फाटकातच अडवलंय. मॅकओएसवर एनव्हिडियाच्या कार्डांचं हेच झालं.

आधी हॅकिंटॉशबद्दल. ॲपलने न बनवलेल्या पीसीवर मॅकओएस चालवायचं, याला हॅकिंटॉश म्हणतात. पोरं हा उद्योग का करतात? आयफोनचं ॲप बनवायला एक्सकोड लागतं आणि एक्सकोड फक्त मॅकओएसवर चालतं. नंदुरबार-शहाद्याच्या ज्या घरात कॉम्प्युटर म्हणजे सेकंडहँड पार्ट जोडून उभा केलेला डबा, तिथे मॅक घेऊन द्या म्हणणं म्हणजे बैलजोडी मागणाऱ्याला ट्रॅक्टरचं कोटेशन देणं. म्हणून ओपनकोअर टाकायचं, रात्र-रात्र सेटिंग बदलत बसायचं, आणि शेवटी सगळं ग्राफिक्स कार्डाशी येऊन अडायचं.

एप्रिल २०१७मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेसाठी मॅकचे ड्रायव्हर दिले. ते हाय सिएरापर्यंत चालले. सप्टेंबर २०१८मध्ये मोहावे आलं आणि दार बंद झालं. मॅकओएसवरच्या ड्रायव्हरचं नियंत्रण ॲपलकडे आहे, त्यांच्या मंजुरीशिवाय आम्ही काही देऊ शकत नाही, असं एनव्हिडियाने जाहीरपणे सांगितलं. कार्ड बिघडलं नव्हतं. दोन कंपन्यांचं जमलं नाही, आणि बिल ग्राहकाच्या नावाने फाटलं.

इथे शहाणे लोक म्हणतात, "परवाना मोडून मॅकओएस टाकता, मग रडता कशाला?" परवाना मोडतो हे खरं आहे. ॲपलचं सॉफ्टवेअर ॲपलच्याच मशीनवर चालवायचं, अशी त्यांची अट आहे. माझ्या डब्यासाठी ॲपलने ड्रायव्हर लिहावा, अशी माझी मागणी नाहीच. पण ज्यांनी ॲपलचाच २०१० किंवा २०१२चा मॅक प्रो घेतला आणि त्यात एनव्हिडियाचं जीटीएक्स १० मालिकेतलं कार्ड बसवलं, त्यांनी कोणता नियम मोडला होता? त्यांच्या कार्डालाही मोहावेवर ड्रायव्हर मिळाला नाही. म्हणजे ही चोराला झालेली शिक्षा नव्हती. साव आणि चोर एकाच रांगेत उभे केले गेले.

"मग लिनक्स टाका," हा पुढचा सल्ला. टाकतोच आम्ही. पण २०१४च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाने कार्डाच्या आतल्या फर्मवेअरला सही सक्तीची केली. ती सही फक्त कंपनीकडे. त्यामुळे नुव्हो हा लोकांनी मिळून लिहिलेला मुक्त ड्रायव्हर ही कार्डं पूर्ण वेगाने पळवू शकत नाही. २०२२मध्ये एनव्हिडियाने लिनक्स ड्रायव्हरच्या कर्नल भागाचा कोड खुला केला तेव्हा टाळ्या वाजल्या, पण तो २०१८च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठीच. आणि २०२५मध्ये कंपनीने जाहीर केलं, की जीटीएक्स ९०० आणि १० या मालिकांसाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर शाखा.

म्हणजे जीटीएक्स १०६०सारखं, सेकंडहँड बाजारात सहज मिळणारं कार्ड नेमकं मधल्या खड्ड्यात पडलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या अजून काही काळ मिळतील. नंतर? कंपनी स्वतः चालवणार नाही आणि दुसऱ्याला नीट चालवू देणार नाही.

"एएमडी घ्यायचं होतं," असंही ऐकावं लागतं. नवं घेणाऱ्याला हा सल्ला ठीक आहे. पण सेकंडहँड घेणारा मॉडेल निवडत नाही, जे आलं त्यात भागवतो. आणि मॅकओएसवर एएमडीची काही कार्डं चालली तीही ॲपलच्या मर्जीनेच. २०२५चं टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती, असं ॲपलने सांगून टाकलंय. हॅकिंटॉशचा खेळ इथे संपतो. सवय मात्र संपत नाही.

सुरक्षेचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. कर्नलमध्ये कुणाचाही कोड घुसू नये, यासाठी सही हवीच. पण सही कुणाची? लिनक्समध्ये सिक्युअर बूट चालू ठेवून मशीनच्या मालकाला स्वतःची किल्ली नोंदवता येते. म्हणजे सुरक्षा आणि मालकी एका घरात नांदू शकतात. कुलूप असावं, पण घरमालकाकडे किल्ली नसेल तर त्याला कुलूप नाही, जप्ती म्हणतात.

देशातलं पहिलं आधार आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. डिजिटल भारताची मोजणी आमच्यापासून सुरू झाली. पण मोजणीत असणं वेगळं आणि मालक असणं वेगळं. केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही क्षेत्रं त्यात घेतली. चांगलं झालं. पण पार्ट मिळाला आणि ड्रायव्हर नाही मिळाला, तर ती दुरुस्ती कसली?

म्हणून मागण्या तीन. कार्डाच्या खोक्यावर ड्रायव्हर कधीपर्यंत मिळणार ती तारीख छापा. सपोर्ट बंद कराल त्या दिवशी त्या कार्डाची तांत्रिक माहिती खुली करा आणि सहीचं कुलूप काढा. आणि दुरुस्तीच्या हक्कात सॉफ्टवेअरही धरा.

पुढचं कार्ड घेताना एफपीएस जरूर विचारा. पण दुकानदाराला आणखी एक विचारा: याचा ड्रायव्हर कोणत्या सालापर्यंत? त्याला सांगता येणार नाही. खोक्यावरही लिहिलेलं नसेल. आपलं भांडण तिथूनच सुरू होतं.