कादंबरीतला इतिहास आणि आजीचा इतिहास



ऐतिहासिक कादंबऱ्या मुलांच्या हाती द्याव्यात की नाही, असे दिव्यातील काही भगिनींनी आम्हाला विचारले आहे. जरूर द्याव्यात. रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) किंवा विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) लोकलच्या गर्दीतही हातातून ठेववत नाही. मात्र पेशवे बंद दाराआड काय बोलले, ते ऐकायला कोणी बसले नव्हते. ते बोलणे लेखकाचे. लढाईची तारीख, तहाची कलमे, जुनी पत्रे हा इतिहास. एवढा फरक आधी सांगावा, मग खुशाल वाचू द्यावे.

आणि कादंबरी वाड्यातच घडते असेही नाही. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) घरात नसेल तर आधी ती आणावी. मांगवाड्यातला नायक, समोर इंग्रजी अंमल आणि घरात भूक. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

परंतु आमच्या मते सर्वांत निकडीचे पुस्तक कादंबरी नव्हेच. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास आहे. १९२७ चा महाड सत्याग्रह आपल्याला पाठ असतो. जुलै १९४२ मध्ये नागपुरात महिला परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या, हे किती घरांत ठाऊक आहे? लेखिका गावोगाव हिंडल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना बोलते केले, त्यांच्या मुलाखती छापल्या. तेव्हा कोणी विचारले नसते, तर ते सारे त्यांच्याबरोबरच गेले असते.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. आपण दादरला जातोच, तर जाताना एक रिकामी पिशवी घ्यावी. आणि एक वहीही आणावी. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे; कदाचित ती तुमच्याच चाळीत राहते. दीक्षा कुठे घेतली, कोणाबरोबर गेली, घरातले देव कोणी उचलले, हे तिला विचारावे आणि नातवंडाने लिहून घ्यावे. तिच्याच बोलीत. एखादे साल चुकले तर खोडू नये, शेजारी पेन्सिलीने खरे साल लिहावे.