‘होते बाप्पा सारं बरोबर’ म्हणणाऱ्यांना

कापसाचे भाव पडले की वणीत, बाजार समितीच्या बाहेरच्या टपरीवर, एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘‘होते बाप्पा सारं बरोबर, टेन्शन नको घेऊ.’’ बोलणारा मनापासून बोलत असतो. पण कप ठेवून तो घरी जातो आणि ऐकणाऱ्याचं कर्ज जिथल्या तिथे राहतं. माझं म्हणणं एवढंच, की मित्राला असं बोलून सुटता येणार नाही. अडचणीतल्या माणसाला खरं सांगायला हवं, आणि ती अडचण निस्तरायला सांगणाऱ्याने सोबत जायला हवं.

यावर पहिला आक्षेप दयाळू मंडळींचा. पडत्या काळात धीर द्यावा, सल्ले देऊ नयेत, जखमेवर मीठ कशाला, असं ते म्हणतात. रास्त वाटतं. पण व्याज कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. खासगी सावकारीचा दर महिन्याच्या हिशेबाने बोलला जातो. शेकडा पाच म्हणजे लाखाला महिन्याचे पाच हजार, वर्षाचे साठ हजार. उलट तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याजच पडत नाही. आता कास्तकार काय करतो? हाती आलेला कापसाचा पैसा आधी सावकाराला देतो, कारण सावकार दारात येऊन बसतो आणि बँकेचा मॅनेजर येत नाही. बँकेत थकबाकी झाली की पुढचं पीककर्ज बंद, म्हणजे पेरणीला पुन्हा तोच सावकार. टपरीवरच्या मित्राला हे सगळं दिसतं. तरी तो ‘होते बरोबर’ म्हणतो. याला दया म्हणायचं असेल तर ही दया मित्राला महिन्याला पाच हजारांना पडते.

दुसरा आक्षेप जड आहे, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्याला मी माणूस म्हणणार नाही. खरं तोंडावर सांगितलं आणि त्याने जिवाचं बरंवाईट करून घेतलं तर? आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ही भीती हवेतली नाही. १९ मार्च १९८६ ला चिलगव्हाणच्या साहेबराव करपे कुटुंबाने जीव दिला, हे इथे पोरासोरांना माहीत आहे. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि त्यानंतरही आत्महत्या थांबल्या नाहीत. पण या भीतीपायी गप्प राहायचं, हा निष्कर्ष चुकीचा. ‘‘मरायचं मनात येते काय रे तुह्या?’’ असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे आत्महत्या रोखण्याचं काम करणारे सतत सांगतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच साध्या माणसांना शिकवून असं बोलायला बसवलं. दीड वर्षात नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं.

वेळेचं भान मात्र हवं. ज्या रात्री तो जेवत नाही आणि कोणाशी बोलत नाही, त्या रात्री हिशेब काढायचा नाही. त्याच्या घरीच झोपायचं, १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावून द्यायचा, सकाळी दवाखान्यात न्यायचं. कर्जाचं नंतर.

तिसरी जात परखडांची. यांच्याशी माझं जास्त भांडण आहे, कारण ते माझ्याच बाजूचे समजले जातात. उकणी-निलजईकडची शेती वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणीत जाते, मोबदला येतो, कोळशाच्या भरवशावर टिप्पर दारात उभा राहतो, मग काम आटतं आणि फायनान्सचे हप्ते तेवढे राहतात. अशा वेळी परखड मित्र म्हणतो, ‘‘तुले तेव्हाच सांगतलं होतं!’’ सांगितलं असेलही. पण आता त्याचा उपयोग काय? सल्ला अजून हातात असलेल्या गोष्टींबद्दल द्यायचा असतो. बाकी सगळा आपला मोठेपणा.

मग खरा सल्ला कसा असतो? बहुतेक घरांत प्लॅस्टिकची एक पिशवी असते. तिच्यात सातबारा, पासबुक, कृषी केंद्राची बिलं, फायनान्सच्या नोटिसा, कधी एखादा कोरा सही केलेला स्टॅम्प पेपर. ती सतरंजीवर उलटी करायची आणि कोणाचे किती, कोणत्या दराने, हे एका कागदावर लिहायचं. मग जड जाणारी वाक्यं बोलायची : यंदा मक्त्याचं वावर सोड. टिप्पर ओढून नेण्याआधी आपणच विकू. पोरीचं लग्न एका दिवसात, दारात. सावकाराकडे परवाना आहे का ते पाहू, कारण २०१४ च्या सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि कर्जापोटी बळकावलेली जमीन जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मिळवता येते. हे सांगणाऱ्याने बँकेच्या बाकावर त्याच्या शेजारी बसायला हवं. नाहीतर ते भाषण.

‘मतभेद बोलून दाखवला की मैत्री तुटते’ म्हणणाऱ्यांनी वणीच्याच माणसाकडे पाहावं. लोकनायक बापूजी अणे इथे १८८० साली जन्मले. टिळकांच्या मुशीतले, गांधीजींशी त्यांचं अनेकदा जुळलं नाही. १९३४ मध्ये जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मालवीयांसोबत वेगळा पक्ष काढला, १९४१ मध्ये तर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचं उपोषण मांडलं आणि सरकार त्यांना सोडेना, तेव्हा होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासोबत अण्यांनी राजीनामा दिला. आधीचे मतभेद त्यांनी मागे घेतले नव्हते. खुर्ची सोडली. धीराचे चार शब्द तारेने पाठवणं त्यांनाही सोपं होतं.

‘पण तो रागावेल ना?’ रागावेल. कर्जबाजारी माणसाला पिशवी उलटी करायला सांगितली तर तो पहिल्या खेपेला शिवीच देईल, ‘तू कोण मोठा लागून गेला’ म्हणेल. आठवडाभर जाऊ द्यावा आणि पुन्हा जावं, शक्यतो मृग लागायच्या आत, कारण कृषी केंद्रावर नवी उधारी लिहिली गेली की कागदावरची बेरीज पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.