अक्का कुणाची?

आपल्या शहरात मराठी आणि कन्नड माणसांचे ज्या थोड्या गोष्टींवर एकमत आहे, त्यांत भाजीवालीला हाक मारण्याची रीत येते. गणपत गल्लीत मराठी गिऱ्हाईक ‘ओ अक्का’ म्हणते, कन्नड गिऱ्हाईक ‘यक्का’ म्हणते. ती बाई दोघांकडेही वळून पाहते आणि दोघांनाही भाव तोच सांगते. एकमत मोडते ते बाजारात नव्हे, तर महाविद्यालयाच्या कट्ट्यावर. ‘अक्का’ हा शब्द मुळात कुणाचा, यावर तेथे चहाचे दोन-दोन पेले रिकामे होतात आणि तरीही वाद मिटत नाही.

वादाचे दोन्ही पक्ष आता मला पाठ झाले आहेत. कन्नड मित्र म्हणतात, “अक्क आमचा. तो तुमच्या स्वयंपाकघरात सापडतो, याचाच अर्थ येथे आधी आम्ही होतो.” मराठी मित्र म्हणतात, “छे! तो तर संस्कृतात आहे. तुम्हीच उसना घेतलात.” मी मराठी माध्यमातून शिकलो, पण कन्नड लिहितो, वाचतो आणि गल्लीत रोज बोलतो. त्यामुळे दोन्ही पक्ष मला साक्षीदार म्हणून ओढतात. ही साक्ष एकदा लेखी द्यावी म्हणून हा लेख.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, येथे दोन प्रश्न एकत्र मिसळले आहेत. शब्द कोणत्या भाषाकुळात जन्मला हा एक प्रश्न, आणि त्यावरून जमिनीचा वा मोठेपणाचा हक्क ठरतो का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अभ्यासाने देता येते. दुसरा प्रश्न पहिल्याच्या खांद्यावर बसून येतो, आणि त्याला खाली उतरवणे जरुरीचे आहे.

आता पहिला प्रश्न. केवळ नाद जुळला म्हणून नाते जुळते, असे मानले तर काय होईल ते पाहा. रोम शहराच्या दंतकथेत रोम्युलस आणि रीमस यांना वाढवणाऱ्या स्त्रीचे नाव अक्का लारेन्शिया. फिनलंडच्या भाषेत ‘अक्का’ म्हणजे म्हातारी बाई. त्याच्या उत्तरेकडच्या सामी लोकांच्या देवींच्या नावांत हाच शब्द येतो, आणि उत्तर स्वीडनमधील एका पर्वताचे नावही अक्काच आहे. उझबेक भाषेत ‘आका’ म्हणजे थोरला भाऊ. जपानी भाषेत ‘आका’ म्हणजे तांबडा रंग! मग बेळगावची भाजीवाली रोमची नातेवाईक आणि जपानची शेजारीण म्हणायची काय?

हा मोह मोठमोठ्यांनाही झाला आहे. द्राविड भाषांचे पहिले मोठे तौलनिक व्याकरण रॉबर्ट काल्डवेल यांनी १८५६ साली प्रसिद्ध केले. त्या ग्रंथाचे उपकार आजही मानले जातात. पण द्राविड भाषांचे नाते मध्य आणि उत्तर आशियातील भाषांशी जोडण्याचा त्यांचा प्रयत्न पुढच्या अभ्यासकांनी स्वीकारला नाही. दोन स्वर आणि मध्ये एक व्यंजन एवढ्या लहान शब्दाचा जुळा जगात कोठे ना कोठे निघतोच. त्यातून घरातल्या नात्यांचे शब्द तर मुलांच्या तोंडी बसणारे, सोप्या आवाजांचे असतात. ‘मामा’ आणि ‘पापा’ यांसारखे शब्द इतक्या परक्या भाषांत सारखे का, यावर रोमान याकोब्सन यांचा लेख १९६० साली प्रसिद्ध झाला. मूल जे आवाज आधी काढते त्यांना मोठी माणसे आपल्या नात्यांचा अर्थ देतात, असे त्यांचे म्हणणे होते. अशा शब्दांत साम्य दिसले म्हणजे भाषा एका आईच्या असे होत नाही.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. मराठीत ‘ताई’ म्हणजे थोरली बहीण, हिंदीत ‘ताई’ म्हणजे थोरली चुलती, कन्नडमध्ये ‘तायि’ म्हणजे आई. एकच नाद, तीन घरांत तीन नाती. हिंदीतली ताई ‘ताऊ’ या शब्दाच्या जोडीने येते, हे तिच्या घरात गेल्याशिवाय कळत नाही. शब्दाचे कूळ शोधायचे तर त्याचे तोंड पाहून भागत नाही. तो कोणत्या भावंडांत वाढला ते पाहावे लागते.

‘अक्का’ला ही कसोटी लावून पाहू. कन्नडमध्ये अक्क एकटी नाही. थोरली बहीण अक्क, धाकटी तंगि. थोरला भाऊ अण्ण, धाकटा तम्म. तमिळमध्ये अक्का आणि तंगै, अण्णन् आणि तंबि. तेलुगूत अक्क आणि चेल्लेलु, अन्न आणि तम्मुडु. म्हणजे या भाषांत भावंडांची चार घरे आहेत आणि प्रत्येक घराला स्वतंत्र शब्द आहे. संस्कृतात असे नाही. तेथे भ्राता आणि स्वसा हे दोनच मूळ शब्द. वय सांगायचे तर अग्रज, अनुज असे जोडशब्द करावे लागतात. मराठीचेही तसेच. आपण भाऊ आणि बहीण म्हणतो, आणि मग थोरला, धाकटी असे विशेषण लावतो. चार खणांच्या कपाटात जो शब्द बरोबर बसतो, तो त्या कपाटाबरोबरच घडलेला असणार, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही समजते.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मराठीने अक्का घेतली, अण्णा घेतला, पण तंगि घेतली नाही आणि तम्मही घेतला नाही. असे का? मला वाटते, थोरल्यांना नावाने हाक मारायची नसते, म्हणून हाकेचा शब्द लागतो. धाकट्याला नावाने बोलावले की काम भागते. शेजारच्या घरातून आपण गरजेपुरते चार खणांतले दोन खण उचलून आणले. उसन्या मालाची ही ठळक खूण आहे, संच अर्धाच येतो. दूर श्रीलंकेतील सिंहली भाषा मराठीसारखीच आर्य कुळातली आहे. तिनेही थोरल्या बहिणीसाठी ‘अक्का’ हाच शब्द ठेवला, पण धाकटीला ती ‘नंगी’ म्हणते. तेव्हा कुळाबाहेरून शब्द घेणारे आपण एकटे नाही.

राहिला संस्कृतचा मुद्दा. पाणिनीने आई या अर्थाच्या शब्दांचे संबोधन ऱ्हस्व होते असे सूत्र केले आहे, आणि त्यावरील ‘काशिका’ या टीकेत ‘हे अम्ब, हे अक्क, हे अल्ल’ अशी उदाहरणे दिली आहेत. शब्द संस्कृतात आहे, हे खरे. पण नोंद म्हणजे जन्म नव्हे. दुकानाच्या वहीत माल दिसला म्हणून तो दुकानातच तयार झाला असे कोणी म्हणत नाही. वर सांगितलेल्या चार घरांमुळे, हा शब्द द्राविड भाषांतून संस्कृतात गेला असावा, हेच मत मला पटते. थोरल्या बहिणीची ‘आई’ कशी झाली, हेही आपल्या एकत्र कुटुंबात दिसतेच. धाकटे दीर आणि नणंदा जिला अक्का म्हणतात, तिला तिची मुलेही अक्काच म्हणू लागतात.

म्हणजे पहिल्या प्रश्नावर माझी साक्ष कन्नड मित्रांच्या बाजूने पडली. मराठी मित्र रागावतील. त्यांना माझे सांगणे असे की, यात आपले काही गेलेले नाही. व्यापारात दुसऱ्याचा माल आपण उचलला तर त्याचे कोठार तेवढे रिकामे होते, म्हणून त्याच्या वहीत आपले नाव लागते. शब्दाच्या देण्याघेण्यात देणाऱ्याचे कोठार भरलेलेच राहते. येथे ना कर्ज, ना व्याज. आणि घेतलेला शब्द आपण तसाच फडताळात ठेवला नाही. कन्नडने या शब्दाने बाराव्या शतकातील वचनकार महादेवीला गौरवले, आणि ती अक्कमहादेवी झाली. मराठीने गोदाक्का, यमुनाक्का अशी घरोघरची नावे घडवली, आणि एक गमतीचा अर्थही दिला. आपल्याकडे ‘अक्काबाईचा फेरा आला’ म्हणजे दारिद्र्य आले. ही अक्काबाई कोण? लक्ष्मीची थोरली बहीण, अलक्ष्मी. लक्ष्मीच्या मागे लागलेल्या आम्हा बी.कॉम.वाल्यांनी तिच्या थोरल्या बहिणीचे नाव ध्यानात ठेवावे! कन्नड घरातला नात्याचा अर्थ अचूक सांभाळून मराठीने त्यावर आपली म्हण उभी केली. ती अक्काबाई आता मराठीच आहे.

कन्नड मित्रांनाही एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरात आजीला ‘अज्जि’ म्हणतात. तो शब्द संस्कृत ‘आर्य’पासून प्राकृत ‘अज्ज’ या रूपाने आला, आणि त्याच वाटेने मराठीत आजा आणि आजी आले. म्हणजे तुमची आजी आमच्या कुळातली आणि आमची थोरली बहीण तुमच्या कुळातली. आता येथे आधी कोण होते, हे कोणत्या नातलगाला विचारून ठरवायचे? आणि ज्या जमाखर्चावर दोघेही आयुष्यभर बसणार, त्यातला ‘जमा’ अरबी आणि ‘खर्च’ फारसी!

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे. शब्दाची व्युत्पत्ती हा सातबाराचा उतारा नव्हे. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे. तो २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. तो महत्त्वाचा आहे, आणि त्याबद्दल माझ्या घरीही ठाम मते आहेत. पण त्याचा निकाल शब्दकोशातून लागणार नाही. उलट त्या भांडणात शब्द ओढले, की दोन्ही बाजूंचे लोक खोटी व्युत्पत्ती सांगू लागतात. यात भाषेचा अभ्यास मरतो, आणि हक्काची बाजूही बळकट होत नाही.

आपला हा अंक दोन विभागांचा आहे. मराठी विभाग संपला की मराठी वाचक अंक मिटतो, कन्नड विभाग संपला की कन्नड वाचक मिटतो. दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, पुढील अंकात मध्ये चार पाने सामाईक ठेवावीत. त्यांत दोन्ही भाषांतले पन्नास शब्द दोन्ही लिप्यांत छापावेत आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी द्याव्यात : शब्दाची भावंडे कोणत्या भाषेत आहेत, त्याची जुनी नोंद कोठे मिळते, आणि दुसऱ्या भाषेत गेल्यावर अर्थ कसा बदलला. विद्यार्थ्यांनी शब्द जमवावेत, प्राध्यापकांनी तपासावेत. अट एकच असावी. प्रत्येकाने दुसऱ्याच्या कुळातून आपल्याकडे आलेला शब्द आधी लिहायचा. मराठी विभागाकडून ‘अक्का’ मी आजच नोंदवतो. कन्नड विभागातील कोणीतरी ‘अज्जि’ लिहावा.

— बी.कॉम. भाग दोन