'समान' कोणाचे विशेषण?

विभक्त झाल्यावर मुलांपासून दुरावलेला पिता मत देताना काय पाहतो? ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या. २००६ मध्ये हॉवर्ड यांच्या आघाडी सरकारने कुटुंब कायदा बदलला. मुलांची 'समान सामायिक जबाबदारी' दोन्ही पालकांकडे असणे हे मुलांच्या हिताचे, असे गृहीतक त्यात आले. हिंसेची प्रकरणे त्यातून वगळलेली होती. जबाबदारी म्हणजे शिक्षण, आरोग्य यांसारख्या दीर्घकालीन बाबींतील निर्णयाधिकार. अनेकांनी मात्र 'समान' हे विशेषण 'वेळ' या नामाला जोडले आणि निम्मे दिवस मूल आपल्याकडे राहील, असे मानले. वस्तुतः समान वेळेचा विचार करणे एवढेच न्यायालयांवर बंधनकारक होते. तो देणे नव्हे. व्याकरणाच्या तासाला ही चूक किरकोळ ठरते. न्यायालयाच्या पायरीवर उभ्या असलेल्या बापाला ती तशी नव्हती.

पुढे मजूर पक्षाच्या सरकारने २०२३ मध्ये, या गैरसमजाचेही कारण देत, ते गृहीतक काढून टाकले. ६ मे २०२४ पासून बदल लागू झाला.

तेथील मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो (आपल्यासारखे एकच बटण नव्हे). त्यामुळे पहिली पसंती पित्यांचा प्रश्न मांडणाऱ्या छोट्या पक्षाला देऊनही मोठ्या पक्षांतील निवड त्याच्या हाती उरते. ती करताना त्याने, माझ्या मते, 'पित्यांचे हक्क' ही घोषणा बाजूला ठेवावी आणि त्या त्या पक्षाच्या विधेयकात 'समान' कोणत्या नामाआधी आले आहे, ते पाहावे.