मागच्या पंखाचे नट

पावसाळा तोंडावर आला की आपण घराची कौले, गच्चीची गळती, दारापुढचे गटार पाहून घेतो. गाडी असेल तर टायर, वायपर आणि ब्रेकही पाहतो. गाडीच्या मागे, काचेच्या वर किंवा डिकीवर बसवलेल्या स्पॉयलरकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तो शोभेचा पंख, म्हणून त्याची काळजीही तेवढीच. धुतला, पुसला, झाले! या महिन्यात आम्ही त्याच्या गंजलेल्या नट-बोल्टांबद्दल लिहीत आहोत. हा पंख धावत्या गाडीवरून निसटला तर आपल्याला फार तर एक आवाज ऐकू येईल. इजा होईल ती मागून मोटारसायकलवर येणाऱ्या कुणाच्या तरी मुलाला.

आमच्या खडवलीकडे हा धोका थोडा जास्तच. ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथल्या अनेक घरांत गाडी येते ती जुनी, मुंबईत काही वर्षे समुद्राचा खारा वारा खाऊन आलेली. गावात ती हळू चालते, तोवर ढिला पंख फक्त खडखडतो. पडघ्यावरून मुंबई-नाशिक महामार्गाला लागलो की चित्र बदलते. वेग ४० वरून ८० झाला की वाऱ्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. कधी निसटायचे हे गंजलेला नट आपल्याला विचारून ठरवत नाही.

गंज लागतो कुठे? स्पॉयलर प्लास्टिकचा किंवा फायबरचा असतो. त्याच्या पोटात लोखंडी स्टड किंवा आट्यांच्या बुश बसवलेल्या असतात. पत्र्याला भोके पाडून आतल्या बाजूने नट किंवा बोल्ट आवळतात. मध्ये फोमची किंवा रबराची पट्टी असते. काही वर्षांनी ही पट्टी दबते आणि पावसाचे पाणी स्पंजासारखे धरून ठेवते. भोकाच्या कडेला रंग नसेल तर पत्रा तिथूनच गंजू लागतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. म्हणून नट जाम होतो, रंगाला फुगे येतात, कधी प्लास्टिकलाही तडा जातो. गंज बाहेरून बांधल्यावर तो किती खोल आहे हे कळत नाही.

तपासणीला पाच मिनिटे लागतात. गाडी उभी करून स्पॉयलरची दोन्ही टोके हाताने वर-खाली हलवून पाहा. जरा जरी हलला तरी नट पाहायलाच हवेत. मुळाशी चहाच्या रंगाचे ओघळ दिसतात का, डिकीतली चटई ओली आहे का, कुबट वास येतो का, तेही पाहा. यातले काहीही आढळले तर वरून सिलिकॉन भरून भागवू नये. पाणी आत कोंडते आणि गंज झाकून वाढतो. त्यातही व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन लोखंडाला बाधते.

काम घरी करायचे असेल तर दोन माणसे हवीत. एकाने पंख धरायचा, दुसऱ्याने नट सोडायचे. बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा तिसरा दिवा स्पॉयलरमध्येच असतो, कधी काचेवर पाणी मारणारी नळीही तिथूनच जाते. म्हणून आधी बॅटरीची वायर सोडा, मग डिकीच्या आतले प्लास्टिकचे पॅनेल क्लिप न तुटतील अशा बेताने काढा. आजूबाजूच्या रंगावर कागदी टेप चिकटवा. नटावर गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर राहू द्या. सकाळी पान्याने, बहुधा दहा नंबरच्या, थोडे सैल, थोडे घट्ट असे मागे-पुढे करत सोडवा. एकदम जोर लावला तर स्टड तुटतो किंवा प्लास्टिकच्या पोटात गरगर फिरू लागतो. ज्योत लावून तापवणे तर मुळीच नको. शेजारी प्लास्टिक, वायर आणि रंग आहे.

पंख निघाला की जुनी पट्टी खरवडून काढा. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर मारून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत गंज घासा. नंतर पेचकसाच्या टोकाने भोकाभोवती दाबून पाहा. टोक आत गेले तर पत्रा खाल्ला गेला आहे. तिथे मोठा वॉशर टाकून वेळ मारून नेऊ नका, डेंटरकडून नवा तुकडा जोडून घ्या. पत्रा शाबूत असेल तर उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावतात. त्याने गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटच्या थरात होते. हातमोजे आणि चष्मा लावूनच हे काम करावे.

फॉस्फेटचे हे गुण आपल्या देशात फार जुने आहेत. दिल्लीत कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या आवारात सात मीटरहून उंच लोहस्तंभ उभा आहे. सुमारे १,६०० वर्षे ऊन-पाऊस झेलूनही तो फारसा गंजलेला नाही. कानपूरच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचे कारण शोधले. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. आपल्या गाडीच्या पत्र्यात हा गुण नाही, म्हणून या थरावर प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्यावेच लागतात. भोकाची आतली कड विसरू नका. दुखणे तिथूनच सुरू झाले होते.

जुने नट-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. स्टेनलेसचे घ्या, किंवा जस्ताचा मुलामा असलेले. स्टेनलेस स्वतः टिकते, पण उघड्या पत्र्याला टेकले तर ओलाव्यात पत्र्याचा गंज वाढवू शकते, म्हणून रंग पूर्ण वाळल्यावरच बसवा. नवी रबरी पट्टी आणि रबरी वॉशर लावा. नट असतील तर नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने न सुटणारे घ्या. सगळे आधी बोटांनी बसवा, मग पान्याने आळीपाळीने बेताने आवळा. शेवटी पाइपने पाणी मारून डिकीत थेंब येतो का आणि ब्रेकचा दिवा लागतो का, ते पाहा. हे काम नदीवर नेऊन करू नका. भातसेचे पाणी मुंबई पिते.

आणि स्टडच तुटले असतील, खर्च परवडत नसेल, तर? पंख काढून ठेवा, भोकांना रबरी बुच लावा, ब्रेकचा दिवा त्यात असेल तर तेवढा दुसरीकडे नीट बसवून घ्या. आपल्या रस्त्यांवरच्या वेगाला घरगुती गाडी पंखाविना सुखाने चालते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० नुसार, धोकादायक दोष असलेली गाडी चालवणे हा गुन्हा आहे. तो दोष ठाऊक असलाच पाहिजे असे नाही. साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढे पुरते. म्हणजे ‘मला माहीतच नव्हते’ म्हणून सुटका नाही. कायद्याचे सोडा, रस्त्यावर आपल्या मागे येणारा अनोळखी माणूस आपल्या भरवशावर येत असतो. त्याचाही आपल्यावर हक्क आहे. पहिल्या सरीआधी एकदा डिकीजवळ जा आणि पंख हलवून पाहा.