काजूगर निवडणारा कॅमेरा

डब्ल्यू-३२० प्रतीचा काजू म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर. रत्नागिरीकडच्या काजू कारखान्यांत गरांची प्रतीनुसार निवड वर्षानुवर्षे बायकांच्या नजरेवर चालत आली.

आता कलर सॉर्टर आले. घरंगळत्या गराची छबी कॅमेरा टिपतो, संगणक डाग आणि चिकटलेली साल हेरतो, हवेचा झोत तेवढाच गर बाजूला उडवतो. वेगात माणूस हरणारच!

पण साध्या कॅमेऱ्याला वरवरचेच दिसते. उदाहरणार्थ, हापूस आंब्याच्या आत झालेला साका त्याला कळत नाही. शिवाय डाग किती चालवून घ्यायचा, हे यंत्राला कुणीतरी शिकवावे लागते. ते काम निवडणाऱ्या बायकांनाच, वाढीव पगारावर द्यावे. यंत्राच्या अंदाजपत्रकात त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्चही धरावा.